एका दमात

छापखान्यातून आलेल्या पत्रकांना ओल्या शाईचा वास येतो आणि मला आमच्या घरातली एक रविवारची दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यापुढे कंत्राटी कामगारांची गेटसभा होती आणि तिथे वाचून दाखवायचं पत्रक पहिल्यांदाच मी लिहिलं होतं. युनियनचं काम करणाऱ्या वडिलांनी ते वाचून बाजूला ठेवलं. "पाळी सुटलेला माणूस उभ्यानं ऐकणार. तुझं वाक्य संपायच्या आत त्याची बस जाईल." मी रागाने फोनवर एक जपानी अल्बम लावला, पॉप आणि हिपहॉपचा, पहिल्या गाण्यापासून ओळीने. वडील झेंड्यात काठी घालत बसले होते. पहिली गोड गाणी ऐकून त्यांनी विचारलं, "शब्द कळत्यात का तुला?" "नाही." "मग?" मी आवाज वाढवला. पुढच्या गाण्यात एक बाई तडातडा बोलू लागली आणि त्यांचा हात थांबला. "परत लाव. ही दम कुठं खाती बघ. एका दमात एकच गोष्ट सांगती, मग थांबती. असं लिही की." अल्बम संपेपर्यंत मी मोठ्याने म्हणत अख्खं पत्रक नव्याने लिहिलं. सभेत ते मीच वाचलं. बस आली, हॉर्न वाजला, पण कुणी हललं नाही. मी मध्येच थांबले तसा मागचा एक जण टाळ्या वाजवू लागला, तर वडिलांनी त्याचा हात धरला. "थांब की. पोरगी नुसता दम खातीया, संपलं न्हाई अजून." आज त्या गेटवर ठेकेदार नवा आहे, कामगार कंत्राटीच आहेत आणि पत्रकं मीच लिहिते. माझंही अजून संपलेलं नाही.