इंदापूरच्या पत्त्यावरची गाडी

नव्वदच्या दशकात आम्ही बारामतीत दोन खोल्यांत राहायचो. मी शाळेत शिकवायचे, नवरा लोणी देवकरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. गाडी घ्यायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. नवी झेपणारी नव्हती, म्हणून एका रविवारी आम्ही भिगवण रस्त्यावरच्या वापरलेल्या गाड्या विकणाऱ्याकडं गेलो.

गाडी पांढरी, जेमतेम आठ महिन्यांची. मीटरवर चार हजार किलोमीटरही नव्हते. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. पुण्याचे एक डॉक्टर परदेशी निघालेत, त्यांची आहे, असं विक्रेत्यानं सांगितलं. नवरा स्टिअरिंगसमोर बसला तो उतरेचना. मला मात्र एवढी चांगली गाडी आमच्याच वाट्याला का यावी, हे उमजेना.

ते दोघं बॉनेट उघडून उभे होते, तेव्हा मी मागच्या सीटवर जाऊन बसले. मागच्या काचेवर काहीतरी ब्लेडनं खरवडून काढल्याच्या रेघा होत्या. सीटच्या फटीत बोट घातलं तर चार-पाच तांदळाचे दाणे निघाले, कुंकवानं लाल झालेले. पूजेच्या अक्षता असतील, असं स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही. कागद मागितले तर विक्रेता आरसी बुक पुण्याला आहे म्हणाला आणि झेरॉक्स पुढं धरली. त्याचा अंगठा नेमका नाव-पत्त्यावर होता. मी कागद हातात घेतला. पत्ता इंदापूरचा होता.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. डॉक्टरांचं मूळ घर असेल तिथं, तुला जिथंतिथं खोटच दिसते, म्हणाला. ते अगदीच खोटं नव्हतं. भाजीवालीच्या तराजूचं पारडं मी खालून चाचपून बघायचे. पण विक्रेत्यानं दुसरं गिऱ्हाईक आहे, बुधवारपर्यंत कळवा, म्हणून घाई लावली होती, आणि माझा संशय आणखी वाढला. मंगळवारी शाळेत रजा टाकली आणि नवऱ्याला न सांगता इंदापूरची एसटी धरली. वाटेत मनात नाही नाही ते आलं. गाडीखाली कुणी मेलं असेल. चोरीची असेल.

पत्त्यावर साठीतले एक गृहस्थ भेटले. धोतर, टोपी, बोलणं हळू. त्यांनी आत बसवून पाणी दिलं. मी गाडीचं सांगितलं, डॉक्टरांचंही सांगितलं.

"कोण डॉक्टर?" ते म्हणाले.

गाडी त्यांनी लेकीच्या लग्नात जावयाला दिली होती. कागदावर नाव मात्र स्वतःचंच ठेवलं होतं. काचेवरून खरवडलेली नावं आणि सीटमधल्या अक्षता त्या लग्नाच्या होत्या तर. सहा महिन्यांत लेक सासरहून परत आली. का आली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग चार माणसं घेऊन ते गेले आणि गाडीही परत आणली.

"गाडीत काय खोट न्हाय, बाई," ते म्हणाले. "पर हितं समद्यांना म्हाईत हाय. कोण घेतंय असली गाडी? म्हणून बारामतीला दिली."

मी तरीही मनात चाचपत होते, हे रचून तर सांगत नसतील? तेवढ्यात आतल्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. बावीस-तेवीसची असेल.

"मागच्या डाव्या दारातून पावसाचं पाणी आत येतं," ती मला म्हणाली. "रबर बदलून घ्या."

वडील वळून तिच्याकडं बघत राहिले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मला मात्र आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. गाडीचं ऐकून तो सुखावला, पण मी एकटी गेले याचं त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला मी सरळ म्हटलं, मी इंदापूरला जाऊन आले. तो जरासुद्धा वरमला नाही.

"वहिनी, खरं सांगितलं असतं तर तुम्ही आत बसून तरी बघितली असती का?"

बसले नसते, हे मला माहीत होतं. आरसी बुक हातात आल्याशिवाय पैसे देणार नाही, एवढंच मी म्हणाले. त्यानं ते टेबलाच्या खणातून काढून दिलं. दाराचं रबर त्याच्याच खर्चानं बदलून घेतलं आणि आम्ही गाडी घेतली.

पहिल्यांदा गाडी घेऊन आम्ही जवळच्या पिंपळी गावाकडं गेलो. दोन्ही बाजूंना ऊस होता. नवरा अजून घुश्शातच होता, नजर समोर. गाव जवळ आलं तेव्हा त्यानं वेग कमी केला आणि विचारलं, "ती मुलगी आता काय करते?"

मी विचारलंच नव्हतं. तसं त्याला सांगितलं. मग गावापर्यंत तो गाडी हळूच चालवत राहिला.