हौसेची हत्यारं

झाशीच्या इलाइट चौराह्यामागच्या गल्लीत जयसिंगराव मोहित्यांचं बुलेटदुरुस्तीचं दुकान आहे. मोहित्यांचे पूर्वज पेशवाईत घोड्यावरून आले आणि इथलेच झाले. घोडे गेले, बुलेट आल्या, माणूस मात्र तसाच राहिला. मांड पक्की आणि हट्ट त्याहून पक्का. गिऱ्हाइकाशी बुंदेली, बायकोशी जुनी मराठी, आणि इंजिनासमोर मात्र अगदी गप्प. कान लावून ऐकायचे आणि म्हणायचे, टॅपेट ढीले हैं. ते चुकले असं कुणी म्हटलंच, तर त्या माणसाचे कान तपासायला हवेत असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

इंजिनात कॅमशाफ्ट फिरतो, तो टॅपेटला उचलतो आणि टॅपेट सळईमार्फत व्हॉल्व्ह उघडतो, एवढीच ही गोष्ट. जुन्या बुलेटीत टॅपेट भरीव पोलादाचा. त्याचा गाळा, म्हणजे वरची बारीक फट, नेमका राखावा लागतो आणि वरचेवर तपासावा लागतो. नव्या गाडीत टॅपेटच्या पोटात तेल असतं, ते गाळा आपोआप भरून काढतं. ना आवाज, ना कटकट. जयसिंगराव त्याला घरजावई म्हणत. दिसायला शांत, पण खरं धावायची वेळ आली की दमलाच म्हणून समजा.

हे ऐकून त्यांची लेक बकुळा चिडायची. ती बँकेत होती, पण जीव गॅरेजात. रविवारी बापाच्या आधी दुकानात हजर. तिची बुलेट नवी, तेलाच्या टॅपेटची. तिने तीत शर्यतीचा कॅमशाफ्ट स्वतःच्या हाताने बसवला होता. आता तिला बँक सोडून कायमचं दुकानात यायचं होतं, आणि जयसिंगरावांना ते मुळीच नको होतं. पोरीने पंख्याखाली बसावं, काळे हात मोहित्यांच्या घरात एकाचेच पुरेत, हा त्यांचा मुद्दा. वाद इतका चिघळला की बकुळाच्या आईने, इंदिराबाईंनी, दोघांना एका पंगतीत वाढणं बंद केलं.

शेवटी पैज ठरली. झाशीजवळच्या मोठ या गावी जगन्नाथ नावाचा त्यांचा जुना मित्र होता, ट्रॅक्टरच्या सामानाचा दुकानदार. त्याच्या शेतालगत कालव्याकडेने सरळ कच्चा रस्ता जातो. दसऱ्याच्या सकाळी तिथे बापलेकींनी आपापली गाडी पळवायची. तेलाचा टॅपेट जिंकला तर बकुळा दुकानात. भरीव जिंकला तर तिने बँक सोडायचं नाव पुन्हा काढायचं नाही. जयसिंगरावांनी ईर्ष्येने आपल्या जुन्या गाडीतही नवा कॅमशाफ्ट घातला आणि टॅपेटांना खाली रोलर बसवून घेतले.

खंडेनवमीला मोहित्यांच्या घरी हत्यारपूजा असते. तलवारींच्या जागी आता पाने, हातोड्या आणि स्क्रूड्रायव्हर. झेंडूची माळ पडली की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटेपर्यंत एकही वस्तू उचलायची नाही. या नियमापायी जयसिंगरावांनी एकदा ठाण्याच्या दरोगाजींची जीप दिवसभर उन्हात उभी ठेवली होती. त्या सकाळी बकुळानेही पगारातून घेतलेली आपली पान्यांची गुंडाळी पाटाजवळ आणली. जयसिंगरावांनी ती हाताने बाजूला सारली.

"धंद्याची हत्यारं पुजतात, बकू. हौसेची नाही."

बकुळाने गुंडाळी परत पिशवीत टाकली.

दुपारी जयसिंगराव गाडी फिरवून आले तर इंजिनातून कट्‌ कट्‌ कट्‌. नवे रोलर थोडे बसले होते आणि गाळा वाढला होता. आधी गाडी पळवायची, मग गाळा धरायचा आणि मग पूजा, एवढी साधी गोष्ट पैजेच्या नादात राहून गेली होती. चौराह्यावरचे बाकी मिस्त्री आपली हत्यारं आधीच विश्वकर्मापूजेला पुजून मोकळे झालेले. कुणीही पाना दिला असता, पण इतकी वर्षं त्यांच्यासमोर खंडेनवमीची फुशारकी मारल्यावर मागायचं कुठल्या तोंडाने? आपलेच दात आपलेच ओठ. इंदिराबाईंना फार वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं.

दसऱ्याला वाटेतल्या चिरगावपर्यंत जाईतो कटकट एवढी वाढली की रस्त्यावरचे लोक वळून बघू लागले. मोठ गावी पोचल्यावर जगन्नाथने हसून विचारलं, "काए मोहिते जी, ताशा बजात आए?" जयसिंगराव म्हणाले, असंच पळवणार. सळई वाकली तर वाकली.

बकुळाने नुसती किल्ली फिरवली असती तरी पैज तिचीच होती. तिने इंजिन ऐकलं, बापाचं तोंड पाहिलं आणि पिशवीतून गुंडाळी काढली.

"आबा, तुमची हत्यारं देवाजवळ बसलीत. माझी हौसेची आहेत, ती रिकामीच आहेत."

इंजिन निवेपर्यंत बापलेकींनी आणि जगन्नाथने लिंबाखाली बसून इंदिराबाईंनी बांधून दिलेल्या सांजोऱ्या खाल्ल्या. मग बकुळाने झाकण उघडलं, पेच फिरवला आणि सळई चिमटीत धरून पाहिली. फिरायला हवी, वरखाली हलायला नको. जयसिंगरावांचा हात तपासायला पुढे झाला आणि तसाच मागे आला. तपासायला काही उरलंच नव्हतं. त्यांना लेकीचा असा अभिमान वाटला की ते उगीच कालव्याकडे बघत राहिले.

अर्ध्या रस्त्यापर्यंत बकुळा पुढे होती, सुळसुळत, जणू इंजिन चालूच नाही. पण वेग चढला तसे तेलाचे टॅपेट मागे पडू लागले आणि तिची गाडी दम खाऊ लागली. जयसिंगरावांचा भरीव टॅपेट मात्र ओरडत, खणखणत तिच्या बाजूने निघून गेला. शेवटाला उभ्या जगन्नाथने गमछा खाली टाकला. भरीव जिंकला होता.

घरी परतल्यावर बकुळाने बँकेची साडी इस्त्रीला काढली. शब्द म्हणजे शब्द, ती बापाचीच लेक होती.

संध्याकाळी सोनं वाटायला इंदिराबाई तबक घेऊन आल्या तेव्हा जयसिंगराव पाटासमोर बसले होते. बकुळाच्या पिशवीतली गुंडाळी त्यांनी सोडली होती. एकेक पाना पुसून ते आपल्या पान्यांच्या रांगेत ठेवत होते आणि प्रत्येकाला कुंकू लावत होते.

बकुळा दारात थबकली. "आबा, पैज तुम्ही जिंकलात."

"गाळा कुणी धरला होता?" जयसिंगराव मान वर न करता म्हणाले. "माळ आण दुसरी. ही अपुरी पडते."