लक्ष्मणच्या रायफलीचा भाव

लक्ष्मण गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेजाऱ्याच्या गंजलेल्या कुलपात तेल सोडत होतो. फोन त्याच्या सुनेचा, सुनंदाचा. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कधी?" तिने पुन्हा सांगितलं, "सकाळी." अशा वेळी माणूस काहीही विचारतो… फोन ठेवल्यावर ते कुलूप किती तरी वेळ माझ्या हातातच होतं.

लक्ष्मण आणि मी जव्हारच्या शाळेत एका बाकावरचे. तो साखरशेतचा, नाचणी-भाताच्या घरातला. पुढे मास्तर झाला. मी फौजेत गेलो आणि आर्मरर झालो, म्हणजे बंदुका खोलायच्या, दुरुस्त करायच्या, जोडायच्या. पेन्शन घेऊन जव्हारला परतलो तेव्हा ही विद्याही सोबत आली. कुणाला परवान्याची बंदूक विकायची असली की भाव ठरवायला मला बोलावणं यायचं. मी कुणाची भीडभाड ठेवत नसे, आणि त्याचा मला चांगलाच अभिमान होता.

लक्ष्मणच्या घरी त्याच्या वडिलांची रायफल होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, लढाई संपल्यावर लष्कराला जास्त झालेली. परवाना पिकाच्या राखणीसाठी, रानडुकरांसाठी. पण त्या रायफलीपेक्षा तिची गोष्टच जास्त वेळा उडायची. कुणी पाहुणा आला, पाणी प्यायला, की लक्ष्मण मांडी घालून सुरू. लढाई संपल्यावर एक लष्करी साहेब इकडच्या डोंगरात आला होता, नदी चढली, लक्ष्मणच्या वडिलांनी आणि चुलत्याने त्याला पार केलं, आणि साहेबाने दोघा भावांना पेटीतून काढून एकेक कोरी रायफल दिली. पुढे जमिनीवरून भावांचं फाटलं. चुलता आपली रायफल घेऊन मोखाड्याला राहायला गेला, येणं-जाणं बंद झालं. गोष्टीत मात्र दोघे भाऊ कायम एकत्रच नदीत उतरायचे. मला ती गोष्ट इतकी पाठ झाली होती की लक्ष्मणने तोंड उघडलं की मी रायफल हातात घेऊन न्याहाळत बसायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्याने ती विकायची ठरवली. डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं, आणि परवान्यासाठी ठाण्याच्या कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या त्याच्याने होईनात. नाशिकचा एक परवानेवाला शौकीन घ्यायला तयार होता. अट एकच, भाव मी सांगायचा. ओटीवर आठ-दहा माणसं जमली. लक्ष्मण म्हणाला, "जा खरा हाय तां सांग. आपल्याला लबाडी नको."

नळी आतून चांगली होती. लाकूड मूळचं. पण जुन्या लष्करी रायफलीचा खरा भाव ठरतो नंबरांवर. अंगावर ठोकलेला नंबर आणि बोल्टवरचा, म्हणजे मागचा जो दांडा पुढेमागे सरकवतात त्यावरचा नंबर, एकच हवा. एक असला तर बंदूक कारखान्यातून निघाली तशीच आहे; नसला तर निम्मी किंमत गेली. दर दसऱ्याला पूजा होऊन होऊन दोन्ही नंबरांत हळदकुंकू घट्ट बसलं होतं. मी दाभणाने ते खरवडायला घेतलं आणि वर विनोदही केला, "मास्तर, देवाला नंबर लागत नसेल, गिऱ्हाइकाला लागतो!" सगळे हसले. लक्ष्मणही हसला.

नंबर जुळले नाहीत. अंगावरच्या नंबराचे शेवटचे आकडे माझ्या पहिल्या स्कूटरचेच होते, म्हणून ते मला आजही आठवतात, बोल्टवरचे निराळेच. मी भाव सांगितला, तो रास्तच होता. आणि न विचारता पुढे बोललो, "पेटीतून काढलेली बिढलेली काही नाही. दोन बंदुकांचे तुकडे जोडून केलेली आहे."

लक्ष्मणने विचारलं, "मंग माझा बापूस खोटा बोलला?"

मी म्हणालो, "जुनी माणसं वाढवून सांगतातच रे."

रायफल त्या भावाला गेली. लक्ष्मणने माझ्याशी कधी अबोला धरला नाही, जव्हारला आला की घरी यायचा, नाचणीचं पीठ आणायचा. फक्त ती गोष्ट त्याने पुन्हा कधी सांगितली नाही. पाहुणे यायचे, पाणी प्यायचे, लक्ष्मण पावसापाण्याचं बोलायचा. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, मी म्हटलं, वयाने शांत झाला असेल… अशी सोयीची कारणं मला फार लवकर सुचतात.

त्याच्या बाराव्याला मोखाड्याहून चुलतभाऊ नामदेव आला होता. जेवणं झाल्यावर मला म्हणाला, "आमची बी एकदा बघून घ्या, काढून टाकायची हाय." पुढच्या आठवड्यात गेलो. त्याने रायफल आणून ठेवली, मी बोल्ट ओढून हातात घेतला, कुंकू पुसलं… आणि माझ्या स्कूटरचा नंबर समोर आला.

मी नामदेवला विचारलं, हा बोल्ट कुठून आला? त्याला प्रश्नच कळेना. "कुठला येतो? घरचाच हाय." मग सहज बोलला, "एकत्र होतो तवा दसऱ्याला दोन्ही बंदुका एका पाटावर ठेवायचो. काकांचा, म्हंजे लक्ष्मणच्या बापाचा, नियम, देवापुढं अख्खी जोडलेली बंदूक ठेवायची नाय. बोल्ट काढून ताटात, संगती हळदकुंकू, झेंडू. पूजा झाली की ज्याच्या हाताला जो लागल तो बसवायचा. बसतो की कुठला बी."

म्हणजे दोन्ही रायफली कोऱ्याच आल्या होत्या. बोल्टांची अदलाबदल झाली होती ती देवापुढच्या ताटात. नंबरांत भरलेलं कुंकू मी स्वतः दाभणाने काढलं होतं, आणि दसऱ्याला तुम्ही काय करता एवढं विचारायचं मला सुचलं नाही. निम्म्या भावाची चुटपुट मला नाही. ती रायफल होती तशी तेवढ्याचीच होती. पण त्याच्या बापाला मी ओटीवर, चारचौघांत खोटं पाडलं, आणि लक्ष्मण तसाच गेला. हे मला गिळवत नाही.

तसाच जीप धरून साखरशेतला गेलो. मुलगा नोकरीवर होता, सुनंदा घरी. नंबरांचं सगळं तिला सांगितलं आणि म्हणालो, "तुझ्या आजेसासऱ्यांची गोष्ट खरी होती." तिने विचारलं, "कंची गोष्ट?" ती या घरात आली रायफल गेल्यानंतर. तिने ती कधी ऐकलीच नव्हती.

मग मी सांगायला बसलो. साहेब, चढलेली नदी, साहेबाला पाठीवर घेतलेले लक्ष्मणचे वडील, पुढे दोर धरून चुलता. मधल्या धारेत वडिलांचा पाय सुटला, आणि पाठीवरचा साहेब त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी बोलला…

"काय बोलला?"

इथेच लक्ष्मण आवाज खाली आणायचा, ऐकणारे पुढे सरकायचे, आणि मग तो ते वाक्य सांगायचा. ते माझ्यासमोर कितीदा सांगितलं गेलं असेल. दर वेळी माझे डोळे बंदुकीवर होते. मोखाड्याला फोन लावला, तर नामदेव म्हणाला, "आमच्या बापाच्या हातात दोर होता. कानात बोलला तां काकांना ठावं, नायतर लक्ष्मणला."

"मला नाही आठवत, सुनंदा," मी म्हणालो.

"मंग बसा ना काका, आठवंल," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मी शेवटची जीप निघून जाईपर्यंत बसून होतो.