ज्वारीवरून उतरलेली मूर्ती

आमच्या घरात चमत्काराला कधी जागा नव्हती. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातला देव्हारा रिकामा झाला आणि पुढं कित्येक वर्षं त्यात चटणी-मिठाचे डबे राहिले. अंगात येणं, कौल लावणं, स्वप्नात दृष्टांत होणं ही सगळी दुसऱ्यांच्या घरची गोष्ट, असंच मी समजत आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि मुलांनाही तेच सांगितलं. म्हणून हे लिहावं की नाही, या विचारात माझं वर्ष गेलं. शेवटी ठरवलं की घडलं तसं सांगून मोकळं व्हावं. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं आपल्या मनाशी ठरवावं.

भूम तालुक्यात ईट गावाच्या पुढं आमचं छोटं गाव आहे. तिथं आम्ही सगळ्यांनी मिळून विहार बांधलं. आत बसवायला संगमरवराची बैठी बुद्धमूर्ती सांगितली, चांगली सहा-सात क्विंटल वजनाची. चौथरा कसा करायचा यावर बैठक झाली तेव्हा मी एकच अट घातली. मूर्ती चौथऱ्यावर नुसती ठेवायची नाही, चौथऱ्यात बसवायची. काळ्या दगडात चौकोनी खाच करायची आणि मूर्तीचा तळ तिच्यात उतरवायचा, म्हणजे जमीन हलली तरी मूर्ती हलणार नाही.

जमीन हलली तरी, असं आमच्या जिल्ह्यात कुणी म्हटलं की बाकीचे गप्प होतात. माझं माहेर लोहारा तालुक्यातलं. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा मला सासरी येऊन तीन वर्षं झाली होती. माझी आई माळवदाच्या घरात झोपलेली होती आणि ते मातीचं जड छप्पर तिच्यावर आलं. आम्ही पोचलो तोवर तिला बाहेर काढून झालं होतं. तेव्हापासून उंच ठेवलेली जड वस्तू मला बघवत नाही. कपाटावरची बॅगसुद्धा मी खाली उतरवते आणि घरचे हसतात. मग माझ्या तथागतांची मूर्ती मी उघड्या चौथऱ्यावर कशी राहू देणार होते?

आबांना हे न सांगता कळलं. आबा आमच्या वस्तीतले सगळ्यात जुने गवंडी, पंचाहत्तरी ओलांडलेले. भूकंपानंतर त्या बाजूला घरं उभी करायला ते वर्षभर जाऊन राहिले होते. त्यांनी महिनाभर खपून खाच कोरली. चार इंच खोल, काठ गुळगुळीत, आणि मूर्तीच्या तळापेक्षा चहूबाजूंनी फक्त बोटभर मोठी. विहारात येणारा प्रत्येक जण त्या काठावरून हात फिरवून जायचा.

वैशाखी पौर्णिमेला चार दिवस उरले होते तेव्हा मूर्ती आली. भूमहून चेनपुल्लीवाला आला. त्यानं तीन लोखंडी खांबांची तिपाई उभी केली, मूर्तीच्या तळाखालून दोन जाड पट्टे घेतले आणि मूर्ती वर उचलली. बायकांनी 'साधु, साधु' असा साधुकार दिला. मूर्ती खाचेवर आली, हळूहळू खाली गेली आणि तिथं आमचं सगळं शहाणपण उघडं पडलं. पट्टे मूर्तीखाली अडकले होते. वर उचलल्याशिवाय ते निघणार नव्हते आणि ते असेपर्यंत मूर्ती नीट बसणार नव्हती.

"बाई, पट्टे काढायचे कुठून ओ?" चेनपुल्लीवाल्यानं विचारलं.

आबांनी आणि मी लांबी, रुंदी, खोली सगळं दहादा मोजलं होतं. उतरवणाऱ्याचे पट्टे मात्र आमच्या हिशेबातच नव्हते. मूर्ती हलणार नाही एवढाच आम्हाला ध्यास, ती बसणार कशी हे डोक्यातच आलं नाही. पहार घालायला तळहाताएवढी फट ठेवली असती तर ती खाच कशाची, असं आबांचं म्हणणं होतं, आणि ते मलाही पटलेलं होतं. पट्टे तसेच खाली ठेवून नुसती टोकं कापू म्हणून मूर्ती टेकवून बघितली, तर ती डुगडुगायला लागली. पुन्हा उचलताना तळाच्या कोपऱ्याचा गव्हाएवढा टवका उडाला.

विहार समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे दीर. त्यांनी सरळ सांगितलं, "वहिनी, पुढचा काठ फोडू, न्हायतर खाचेत सिमेंट भरून सपाट करू. पौर्णिमेला भंते यायलेत. मूर्ती काय आशी लटकत ठिवायची व्हय?"

"फोडायचा नाही आणि भरायचाही नाही," मी म्हणाले.

"मग काय करायचं ते तर सांगा."

मी उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. मूर्ती बाजूला लाकडी ओंडक्यांवर टेकवून ठेवली. हातोडा आणि छिन्नी पिशवीत घालून आबा पायरीवर जाऊन बसले. काठ फोडायची वेळ आलीच तर तो आपणच फोडायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, हे त्यांनी मनात धरलेलं मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी वहीत आकृत्या काढत होते. दोरी अशी, पहार तशी, मूर्ती एका बाजूला कलती. शाळेत गणित शिकवणारी बाई, पण एकही आकृती पुरी होईना. दुपारी ऊन भाजायला लागलं तशी सगळी माणसं घरी गेली आणि विहारात मी एकटीच राहिले. मूर्तीसमोर बसून त्रिशरण म्हटलं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. सगळं अनित्य आहे हे ज्यांनी शिकवलं, त्यांनाच मी दगडात घट्ट धरून ठेवायला निघाले होते. ही श्रद्धा, की माझी जुनी भीती? त्या दुपारी मला स्वतःचा फार राग आला. भाऊजींना हो म्हणून टाकावं असंही एकदा वाटून गेलं. तरी उठवेना. मी तिथंच थंड फरशीवर आडवी झाले आणि मूर्तीकडे बघत म्हटलं, "माझ्याच्यानं होत नाही आता. मला सुचत नाही." हे कुणाला उद्देशून म्हटलं, ते आजही सांगता येणार नाही.

डोळा लागला आणि मी माहेरी होते. भूकंपाच्या आधीचं घर, शेणानं सारवलेलं. माझे केस आजच्यासारखेच पांढरे होते आणि मी धान्याच्या कणगीत, वरपर्यंत भरलेल्या ज्वारीवर मांडी घालून बसले होते. बाजूला आधार नाही, धरायला काही नाही, आणि मला पडण्याची भीती वाटत होती. खाली कणगीच्या पायथ्याशी आई बसली होती. कणगीला खाली भोक असतं आणि त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असतो. लागेल तेवढं धान्य तिथूनच काढायचं. आईनं तो बोळा काढला. ज्वारी सळसळत तिच्या टोपल्यात पडायला लागली आणि मी हलके हलके खाली यायला लागले. मी कड धरायला हात पुढं केला.

"हलू नगंस," आई म्हणाली, मान वर न करता. "गप बस. आपसूक खाली येतीस."

मी हात मांडीवर ठेवले. धक्का नाही, झोल नाही. ज्वारी जेवढी जात होती तेवढीच मी उतरत होते. आईचं टोपलं भरलं तेव्हा माझी मांडी जमिनीला टेकली होती.

इतक्या वर्षांत आई स्वप्नात आली होती ती दरवेळी दगडांखाली. मी उकरायचे आणि हात पोचायचे नाहीत. त्या दिवशी ती पहिल्यांदा कामात दिसली, धडधाकट, पदर खोचलेली. जागी झाले तेव्हा अंग घामानं भिजलं होतं, आणि मूर्ती कशी उतरवायची ते मला लख्ख कळलं होतं.

पायरीवर आबा होतेच. त्यांना म्हटलं, आबा, खाच काठोकाठ भरून टाकायची, थोडी वरपर्यंत. मूर्ती त्या भरावावर ठेवायची. पट्टे वरच्या वर ओढून काढायचे. मग खाली तळाशी चारी कोपऱ्यांना पाडलेल्या भोकांतून भराव सोडायचा. तो निघेल तशी मूर्ती आपोआप खाचेत जाईल.

आबा उठून चौथऱ्याजवळ गेले. "अंगठ्यायवढी भोकं पाडीन," म्हणाले. "काठाला काय व्हत न्हाय त्यानं. पण आधी करून बघू."

एका लाकडी खोक्याला खाली भोकं पाडून बोळे कोंबले, त्यात वाळू भरली आणि वर जुन्या जात्याची तळी ठेवली. बोळे काढले. मूठभर वाळू आली आणि थांबली. तारेनं टोकरलं तर एका बाजूची निघाली, तळी त्या बाजूला कलली आणि धप्पकन आदळली. तोवर भाऊजी आले होते. त्यांनी नुसता सुस्कारा टाकला. मला वाटलं, संपलं. स्वप्नातलं शहाणपण उजेडात टिकत नाही, हे मीच तर वर्गात सांगत आले होते.

"हे तुमाला सुचलं कसं?" आबांनी विचारलं.

सांगायची लाज वाटत होती. पण आबांसमोर खोटं बोलता येईना. मी स्वप्न सांगितलं, आईसकट.

आबांनी खोक्यातली वाळू ओतून टाकली. "बाई, तुमी वाळूवर बसला व्हता का ज्वारीवर?"

"ज्वारीवर."

"मग वाळू कशापायी भरायलो आपण? आईनं दाखवलं तसं तरी करा. दाणा गोल आसतोय, वाळूला धार आसती."

घरातून पायलीभर ज्वारी आणून खोक्यात भरली. बोळे काढताच दाणा सुटला आणि जात्याची तळी पाण्यावरून उतरावी तशी सरळ खाली गेली. आबांनी पुन्हा करून बघितलं, मग तिसऱ्यांदा. भाऊजींनी चेनपुल्लीवाल्याला फोन लावला. "वहिनी, ज्वारी किती लागंल?" एवढंच ते मला म्हणाले.

बायका घरोघरून ज्वारी घेऊन आल्या. कुणी पाटीतून आणली, कुणी पदरातून. आबांनी त्या संध्याकाळी चार भोकं पाडून त्यांत बोळे कोंबले, तळाला दाणा वाहायला उथळ चर काढले आणि काठाभोवती फळ्यांची चौकट बांधली. सकाळी मूर्ती उचलली आणि ज्वारीवर टेकवली. पट्टे ओढले, ते दाण्यांतून सहज सरकत बाहेर आले. आता मूर्तीला वरून कुणाचाच आधार नव्हता. चार कोपऱ्यांना आम्ही चौघं बसलो, आबा, भाऊजी, चेनपुल्लीवाला आणि मी. आबांनी इशारा दिला आणि चौघांनी एकदम बोळे काढले.

ज्वारी वाहायला लागली. विहारात एवढी माणसं होती, पण दाण्यांच्या सळसळीखेरीज आवाज नव्हता. मूर्ती उतरते आहे हे डोळ्यांना दिसत नव्हतं, फक्त काठावरची खूण बघितली की कळायचं. मध्येच माझ्या कोपऱ्यातली ज्वारी जोरात आली आणि मूर्ती केसभर माझ्याकडे कलली. माझा हात आपोआप तिला धरायला गेला. एवढ्या वजनापुढं माझा हात म्हणजे काडी, पण तो गेला. मग मी तो मागं घेतला. बोळा परत लावला, दोन श्वास थांबले, बाकीचे तिघं माझ्या बरोबरीला आले. मूर्ती सरळ झाली. पुढं तारेच्या आकड्यांनी दाणे ओढत राहिलो. शेवटी दाणे भरडल्याचा बारीक कुरकुर आवाज आला आणि तो थांबला.

आबांनी काठावरून बोट फिरवलं. चारी बाजूंना सारखी फट. "बसली," ते म्हणाले आणि त्यांनी तोंडावर उपरणं धरलं.

मग कडेनं पांढऱ्या सिमेंटचं पाणी सोडलं आणि दिवसभर कुणी हात लावला नाही. पौर्णिमेच्या सकाळी भंते यायच्या आधी मी मूर्तीजवळ गेले आणि दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून तिला ढकललं. ती जराही हलली नाही. मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडले. आईच्या मातीला गेले होते तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते. खाचेतून निघालेली ज्वारी बायकांनी दळून आणली आणि तिच्या भाकरी दुपारी सगळ्या गावानं खाल्ल्या.

माझा मुलगा म्हणतो, आई, लहानपणी पाहिलेली कणगी तुझ्या डोक्यात होतीच, मन शांत झालं तेव्हा ती वर आली. तसं असेल. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की वहीत आकृत्या काढत होते तोवर मला काही सुचलं नाही, आणि माझ्याच्यानं होत नाही असं कबूल केल्यावर सुचलं. हट्ट मी सोडला नाही, आजही सोडणार नाही. पण हट्ट धरून कामाला लागायचं आणि त्यातला आपला हात कुठं मागं घ्यायचा ते ओळखायचं, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. त्यासाठी मी तथागतांपुढं रोज नतमस्तक होते.

आणि आईपुढं. तिच्यावर घर कोसळलं तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते, याचा सल मी सगळं आयुष्य बाळगला. मी अडले तेव्हा मात्र ती आली, खाली बसली, आणि मला सुखरूप जमिनीवर उतरवून गेली.