रुळात अडकलेलं चाक

माझ्या बायकोचं रडणं मी लोकांना हसवण्यासाठी वापरलं. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही त्याच्यापुढे ‘पण’ लावावासा वाटतो. पण माझी नोकरी जाणार होती. पण मला ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचा काही उपयोग नाही.

आम्ही पुण्याहून रॉटरडॅमला आलो ते माझ्या एका वर्षाच्या कंत्राटावर. बंदरातल्या क्रेनच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. काम मला येत होतं, बोलणं येत नव्हतं. मीटिंगमध्ये डच सहकारी साहेबाला तोंडावर “हे चूक आहे” म्हणत. मी साहेबासमोर मान डोलवण्यात वाढलेला. एकदा साहेब कॉफी घेता घेता म्हणाला, “तू इथे काम करतोस हे मी अधूनमधून विसरतो.” तो हसत होता. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. नोकरी गेली की तिथे राहायचा परवाना जाणार होता, आणि बायको तर पुण्यातल्या कॉलेजातली फिजिक्स शिकवायची नोकरी सोडून माझ्यामागे आली होती.

म्हणून मी भाषणं शिकवणाऱ्या एका क्लबात जाऊ लागलो. तिथे इंग्रजीतून बोलायचं. वेळ संपत आली की समोरचा माणूस आधी हिरवं, मग पिवळं, शेवटी लाल कार्ड दाखवायचा. घरी तो माणूस म्हणजे बायको. ओट्याला टेकून, हातात घड्याळ घेऊन ती माझी सगळी भाषणं ऐकायची.

“लाल झालं रे, बस कर. पोळ्या करू दे मला.”

“अगं, शेवट राहिलाय.”

“माझ्याशी पण असंच बोलत जा ना, सुरुवात, मध्य, शेवट करून. निदान शेवट तरी येईल.”

त्या हिवाळ्यात ती सायकल शिकली. एका दुपारी आमच्या स्टॉपजवळ तिच्या सायकलचं चाक ट्रॅमच्या रुळात अडकलं आणि ती पडली. मागून ट्रॅम घंटा वाजवत थांबली, माणसं उतरली. संध्याकाळी तिने मला सांगितलं, “लागलं फारसं नाही. पण मी फुटपाथवर बसून रडले. कोणी उचलूच नये असं वाटत होतं. अरे, मी इथे कोण आहे तेच मला कळेना.” मग म्हणाली, “कोणाला बोलू नकोस. आईला तर नाहीच नाही.”

मी हो म्हणालो.

पुढे क्लबात विनोदी भाषणांची स्पर्धा लागली. कंत्राटाचा निर्णय तोंडावर आला होता, म्हणून मी साहेबाला बोलावलं. बायकोलाही आग्रह करून नेलं. डच लोकांच्या दुपारच्या थंड सँडविचवरचं माझं भाषण तिला पाठ होतं. ते कोणालाच हसवेना. साहेबाने घड्याळाकडे पाहिलं. मी सँडविच अर्धवट सोडून म्हणालो, “माझी बायको सायकल शिकली, त्याची गोष्ट सांगतो.”

मी तिचं पडणं सांगितलं. स्टेजवर मांडी घालून बसलो. तिच्या आवाजात, हुंदके देत ओरडलो, “मला कोणी उचलू नका!” सगळा हॉल खदखदून हसला. लाल कार्ड वर गेलं तरी मी थांबलो नाही. शेवटच्या रांगेत तीही हसत होती, परक्याच्या घरी पाहुणी हसते तशी.

साहेबाने पाठ थोपटली. कंत्राट वाढलं. पुढे मला बढत्याही मिळाल्या, आणि प्रत्येक वेळी तो हुंदका माझ्या कानात वाजला.

स्पर्धेनंतरच्या पहिल्याच भाषणाच्या वेळी तिने कार्डं माझ्या हातात दिली. “घड्याळ ओट्यावर आहे. तुझं तू बघ.” त्यानंतर काही सांगण्याआधी ती विचारायची, “हे पण भाषणात जाणार का?” मी रागवायचो. हळूहळू तिने विचारणंही सोडलं, आणि सांगणंही. ती डच भाषेच्या परीक्षेत नापास झाल्याचं मला शेजारणीकडून कळलं. एकाच टेबलावर आम्ही मीठ दे, दार लाव, एवढंच बोलायचो. मी ऑफिसात धडाधड बोलणारा माणूस झालो होतो आणि घरी यायला मला भीती वाटायची.

शेवटी मी माफीचं भाषण तयार केलं. “या वेळी क्लबात ये,” म्हटलं. “सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो.”

तिने कणीक मळणं थांबवलं नाही. “म्हणजे टाळ्या पुन्हा तुलाच.”

पुढच्या रविवारी आम्ही सायकलवर भाजीला निघालो. रूळ आले की ती नेहमी उतरून सायकल हाताने पलीकडे नेत असे. मी दरवेळी पुढे निघून जायचो. त्या दिवशी मीही उतरलो आणि तिच्याबरोबर चालत रूळ ओलांडले. पलीकडे फुटपाथवर मला पुढे पाऊल टाकवेना.

“काय झालं?” ती म्हणाली.

तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

“तू इथे बसली होतीस,” मी म्हणालो. “ते तू फक्त मला सांगितलं होतंस. मी ते विकलं गं. माझं चुकलं. मला माफ कर.”