झोपेतही ऐकू येणारी हाक

कवठे महांकाळच्या स्टँडवर आई एस.टी.ची खिडकी धरून उभी होती. कंडक्टरनं घंटी दिली तरी हात सोडीना. "तायडे, तितं झोपंची आबाळ करू नगंस," एवढंच म्हणाली. मी निघाले होते जर्मनीला, झोपेचाच अभ्यास करायला. तेव्हा मला तिच्या बोलण्याचं हसू आलं होतं. आता येत नाही.

इथल्या प्रयोगशाळेत माणसं दुपारची येऊन झोपतात. आम्ही त्यांच्या डोक्याला तारा चिकटवतो आणि झोपेत मेंदू काय ऐकतो ते पडद्यावर बघतो. कानाशी नावं वाजवली की परक्या नावांना मेंदूची लहर फारशी हलत नाही, स्वतःच्या नावाला उसळते.

परवा एक माणूस आला नाही, म्हणून मीच आडवं व्हायचं ठरलं. घरच्या आवाजातही नाव हवं होतं. आईला फोन केला, माझं नाव घेऊन रेकॉर्ड करून पाठव म्हटलं. आई अडूनच बसली. माझं नाव हौसाबाई, आजीचं. आजी गेली त्याच वर्षी मी झाले, म्हणून वडिलांनी हट्टानं ठेवलेलं. आणि आमच्यात सून सासूचं नाव घेत नाही. आईनं ते कधीच उच्चारलेलं नाही, आणि मी बया विसरूनच गेले होते!

"सासूबायचं नाव माज्या तोंडातनं निघंल व्हय गं? तुज्या मशिनीला सांग, आमच्यात चालत न्हाई."

शेवटी तिला जमलं तेच तिनं पाठवलं.

जागी झाले तेव्हा माझी सहकारी आना पडद्यासमोर बसली होती. तिच्या आवाजातल्या 'हौसाबाई'ला लहर जेमतेम हलली होती. पासपोर्टवरच्या, दारावरच्या नावाला माझा मेंदू ओळख देत नव्हता. आईच्या "तायडे, ऊठ, च्या झालाय," याला मात्र केवढी उसळली होती! हे तुझं कुठलं नाव, आना विचारत होती. मला रडू आवरेना.

वडील आता नाहीत. तायडे म्हणणारं एकच माणूस उरलंय आणि तेही थकत चाललंय. इथंच राहणार का, सगळे विचारतात. मला माहीत नाही. घर कुठं, असं विचारलंत तर पूर्वी माळ, बाभळी, मेंढरांचा वाडा सांगितला असता. आज सांगेन, जिथं माझं नाव कुणी घेत नाही तिथं.

आई, दिवाळीला येतेय. दुपारी घराच्या पुढच्या सोप्यात झोपणार आहे. तू हाक मारल्याशिवाय उठायची नाही.