भात्यावरचा हात

सोलापूर स्टेशनवर मी गाडीत चढले तेव्हा माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यात बांधलेला होता. चौऱ्याहत्तरचा जून, सकाळची पुण्याची गाडी. अव्वानं खिडकीतून शेंगाचटणीचा डबा आत दिला, तो मला एका हातानं धरता येईना, म्हणून शेजारच्या बाईनं घेतला. शांता, तू अव्वाच्या मागं उभी होतीस. चार दिवस झाले तरी तुझ्या गालावरचे वळ गेले नव्हते. अप्पा आले नाहीत. अव्वा आई असूनही एवढंच म्हणाली, "हात कसा मोडला ते तितं कुनाला सांगू नको. पडले म्हनून सांग." पाच वर्षं मी तेच सांगत आले, जिन्यावरून पडले म्हणून. आता खोटं पुरे झालं. हे तुला लिहिते आहे, आणि आपल्या गल्लीतून निघून कुठं कुठं जाऊन राहिलेल्या बाकीच्या पोरींनाही वाचायला दे.

बाळीवेशीत अप्पांना सगळे पेटीवाले म्हणूनच ओळखत. दिवसा पेट्या दुरुस्त करायच्या, संध्याकाळी मुलांना शिकवायचं आणि सोमवारी मठात भजनाला साथ करायची. त्यांचं शिकवणं म्हणजे निम्मं मारणंच होतं. सूर चुकला की हातावर फूटपट्टी, ताल चुकला की कानाखाली. सगळ्यांत जास्त मार डाव्या हाताला बसायचा, कारण तो भात्यावरून हलला की पेटीचा श्वास तुटतो. "डावा हात मालक न्हाय, गडी हाय," असं अप्पा म्हणायचे. आपण दोघी बहिणी सहाव्या वर्षापासून हे ऐकत आणि खात मोठ्या झालो.

मिशनच्या शाळेत मला पियानो भेटला आणि सालोमीबाई भेटल्या. पहिल्या दिवशी मी स्टुलावर बसले आणि माझा डावा हात आपोआप भाता शोधायला पियानोच्या मागं गेला. पोरी खो खो हसल्या. मग मी उजव्या हातानं एक पट्टी दाबली आणि दाबूनच धरली, पेटीवर धरतात तशी. सूर विरत गेला तशी मी अजून जोर लावला. बाई म्हणाल्या, "गिरिजा, तो वाजून झाला. आता कितीही दाब." त्यांनी पियानोची फळी काढून आत दाखवलं. पट्टी दाबली की लोकर गुंडाळलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागं येते. तारेला चिकटून राहिली तर सूर तिथंच गुदमरतो. याच्या आधीच्या वाद्यात पिसाच्या टोकानं तार छेडायचे, तेव्हा कितीही हळू किंवा जोरात दाबा, आवाज एकच. मग इटलीतल्या एका कारागिरानं हातोडी बसवली आणि बोटांना हळू बोलता येऊ लागलं, ओरडताही येऊ लागलं.

पेटीही विलायतेतूनच आली, हेही त्यांनीच सांगितलं. तिकडं भाता पायानं मारत आणि दोन्ही हात पट्ट्यांवर असत. आपण पडलो मांडी घालून बसणारे, म्हणून कलकत्त्याच्या कारागिरांनी भाता पाठीमागं लावला आणि एक हात त्यात अडकला. माझं डोकंच फिरलं. ज्या नियमासाठी मी दहा वर्षं मार खाल्ला, तो नुसती बसायची सोय होती.

मॅट्रिक झाल्यावर पुण्याला डी.एड.ला प्रवेश मिळाला, त्याला अप्पांचा होकार होता. सालोमीबाईंनी तिथं माझ्या पियानोचीही सोय लावली होती, ते त्यांना ठाऊक नव्हतं. निघायला चार दिवस होते. अप्पा आत काम करत होते, शिकणारी मुलं येऊन बसली होती, आणि मला मिरवायची हौस आली. तुला मी भाता मारायला बसवलं आणि दोन्ही हातांनी पियानोचा धडा पेटीवर वाजवून दाखवला. मुलं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. अप्पा बाहेर आले. हातात लाकडी हातोडी तशीच होती.

तेव्हा गप्प उठले असते तर दोन तडाख्यांवर भागलं असतं. पण माझी जीभ कुठली गप्प बसायला! मी म्हणाले, "अप्पा, तुमचा डावा हात जन्मभर नुसता वारा घालत बसला. त्याला वाजवता येतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही." बारा मुलांसमोर म्हणाले.

ते ओरडले नाहीत. आधी त्यांनी तुला मारलं, कारण भात्यावर तुझा हात होता. मग पेटीच्या फळीवर बोट ठेवून म्हणाले, "हात ठेव हितं." आणि शांता, मी ठेवला. पळाले नाही. आपल्याला तशीच सवय लागली होती. त्यांनी दोनदा मारलं. पहिल्या घावाला करंगळी गेली, दुसऱ्याला तिच्या शेजारचं बोट. "आता भाता तरी धर," म्हणाले आणि मुलांना सारेगम सुरू करायला सांगितलं. मोरीत बादलीभर पाण्यात हात बुडवून मी तो अख्खा तास ऐकला. मला त्यांचा खून करावासा वाटला.

बोटं जुळली, पण वाकडी. पुण्याच्या माझ्या पियानोच्या बाई स्पष्ट म्हणाल्या, स्टेजचं विसर, लहान मुलांना शिकव. आता कॅम्पात माझी एक खोली आहे, भाड्याचा जुना पियानो आहे. माझ्या तोंडात स्केल, टेम्पो, लेफ्ट हॅन्ड हे शब्द बसलेत. मुलं मला मिस म्हणतात. शनिवारी मी त्यांना पियानोचा इतिहास सांगते, फळी काढून हातोड्या दाखवते. आणि पियानोवर एक पट्टी ठेवायचे. लाकडी, एक फुटाची. डावा हात मागं पडला की बोटांच्या पेरांवर द्यायचे. अप्पांसारखं नाही, असं मी स्वतःला सांगायचे. मुलांच्या आयाही म्हणायच्या, मिस स्ट्रिक्ट आहेत म्हणून बरं.

या फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी मेहेरचा लेसन चालला होता. मेहेर आठ वर्षांची आहे. दारात अप्पा उभे. पत्र नाही, निरोप नाही. धोतर, टोपी, हातात पिशवी. पाच वर्षांनी बघत होते मी त्यांना. वाळले होते, पण नजर तीच. मेहेर स्टुलावरून उठली आणि मी काही बोलायच्या आत अप्पा तिथं बसले. त्यांचा डावा हात मागं गेला आणि लाकडावर आपटला. उजव्या हातानं त्यांनी एक पट्टी दाबली, दाबूनच धरली. नख पांढरं होईपर्यंत दाबली.

"सूर कुटं गेला?"

"वाजून झाला, अप्पा."

मग त्यांनी डावा हात उचलून सावकाश पट्ट्यांवर ठेवला. "ह्या हातानं बी वाजतंय म्हनाली हुतीस की. कसं, दाव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बोटं कशी आहेत, हे या माणसानं पाच वर्षांत एकदा विचारलं नव्हतं. पियानोचं झाकण सागवानी आहे, जड आहे. मी ते दोन्ही हातांनी धरलं. खोटं कशाला सांगू, भीती दाखवायला नाही, आपटायलाच धरलं होतं. अप्पांना कळलं. त्यांनी हात काढला नाही.

"मार," ते म्हणाले. "मी काडत न्हाय."

पोरीला तेवढं बाहेर पाठवावं म्हणून मी मान वळवली. मेहेर भिंतीला चिकटून उभी होती आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले होते. अप्पांना ती ओळखतसुद्धा नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी झाकण परत मागं टेकवलं. अप्पा चहा पिऊन दुपारच्या गाडीनं गेले. त्यांनी माफी मागितली नाही आणि मीही दिली नाही. ती लाकडी पट्टी मी त्याच दिवशी मोडून टाकली. मेहेर दोन आठवडे फिरकली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिची आई तिला हाताला धरून घेऊन आली, तेव्हा ती स्टुलावर हात मांडीखाली घालून बसून राहिली. मी शेजारी बसले. लेसनचा वेळ तसाच संपला.

तू प्रत्येक पत्रात विचारतेस, घरी कधी येणार. अगं, मी घर सोडलंच नव्हतं. अख्खं घर गाडीत घालून इथं आणलं, कॅम्पात मांडलं आणि त्यात लोकांच्या पोरी आणून बसवल्या. ते सोडायला मी आता कुठं लागले आहे. परवा मेहेरनं एक हात वर काढून पियानोच्या पट्ट्यांवर ठेवला. दुसरा अजून मांडीखालीच आहे.